फार पिवळा गूळ

छत्तीस हंगाम मी शाहूपुरीच्या गूळबाजारात
रव्याची कड टोकरून जिभेवर ठेवत आलो.
सौद्याआधी सांगायचो:
हा कागलकडचा. ह्यात भेंडीचं पाणी कमी पडलंय.
ह्याचा गुळव्या चुलवाणापाशी उतावीळ झाला.
आणि एखादा रवा इतका पिवळा, इतका देखणा निघायचा
की गुजरातचे व्यापारी लांबूनच हात वर करायचे.
तोच मी पायानं बाजूला सारायचो.

आता उत्तरेश्वर पेठेत, एकट्याचं जेवण,
ताट अजून तसंच,
आणि संगणकावर चौकट उघडते.
लाल. वर घंटा.
तुमचा संगणक धोक्यात आहे, आत्ताच अपडेट करा.
खाली आकडे उलटे पळतायत,
जणू माझ्यासाठी कुणी एसटी थांबवून धरलीय.
मी चष्मा सदऱ्याला पुसतो.
फार पिवळा.

हे शहाणपण गेल्या दिवाळीत नव्हतं.
तेव्हा मी दाबलं. हिरवं बटण होतं, त्यावर बरोबरची खूण,
गुरुजींनी वहीत करावी तशी.
सकाळी मालनचे सगळे फोटो जागेवर होते,
पण नावं भलतीच, आणि एकही उघडेना.
त्यात रंकाळ्यावरचा एक होता,
हातात भेळ, डोळे मिटलेले.
बिघडलेला म्हणून मी तो कधीचा पुसणार होतो.
त्याच्यासाठी सगळ्यांत जास्त रडलो.

नफिसा बागवान आली, कानावर पेन्सिलीसारखा स्क्रूड्रायव्हर.
"काका, गंगावेशीत दूध घेता न्हवं?
म्हैस कधी दारात येऊन बेल वाजवती का?
तुम्ही कट्ट्यावर जाता, समोर पिळून घेता.
अपडेट बी तसंच.
चालत आलेलं घ्यायचं न्हाई.
आपण सेटिंगात जायचं, असलं तर घ्यायचं.
आणि त्या चौकटीच्या फुलीला हात लावू नका,
फुली बी त्यांचीच असती."
फोटोंचं विचारलं
तर तिनं चहा अर्धा ठेवला.

मग मी काहीच घेईना.
आठ महिने जे जे आलं ते ते हाकललं.
त्यात एक राखाडी ओळ होती, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत,
तुमच्या सोयीनं रीस्टार्ट करा, म्हणणारी.
ना घंटा, ना पैशाची भाषा.
रोज मी तिला उद्या म्हणायचो,
रोज ती बरं म्हणून जायची.

प्रिंटर बघायला आलेल्या नफिसानं कपाळाला हात लावला.
"सतरा अडलेत! काका,
चोराच्या भ्यानं
तुम्ही कुलूपवाल्यालाच दारात ताटकळत ठेवलाय की."

तिला सांगितलं नाही, पण मला वडणग्याचा दत्तोबा चौगले आठवला.
त्या साली बाजारात भेसळ फार सापडली होती,
माझी जीभ कुणावरच विश्वास ठेवीना.
त्याचा काळसर, मऊ रवा मी नापास केला.
दत्तोबा भांडला नाही.
एक एक रवा परत ट्रॉलीत चढवला,
जाताना माझ्या हातावर एक खडा ठेवला.
घरी मालननं त्याचा चहा केला.
एक घोट घेऊन ती माझ्याकडं बघत राहिली.
मी नजर कपातच ठेवली.

लाल चौकटीत आता तीन मिनिटं उरलीत.
पळू देत.
मी खालून अख्खा ब्राउझरच बंद करतो,
दातेरी चाकाचं चिन्ह शोधतो, आपल्या पायानं आत जातो.
आहे. राखाडी ओळ तिथंच बसलीय.
बाई, उशीर झाला, असं चक्क तोंडातून निघतं.

गोल फिरू लागतो.
चार टक्के. नऊ.
मग पडदा काळा होतो, आणि त्यात
ट्यूबलाइट, मी, मागं दोरीवरचा टॉवेल.
छातीत धडधड होतेच,
पारखून घेतलं तरी होते.

एकतीस टक्के.
बंद करू नका, एवढंच म्हणतोय.
मी ताट घासायला घेतो.